वॉकर वळेल एवढी खोली

आईचा वॉकर बावीस इंच रुंद आहे. तो धरून चालताना कोपरं थोडी बाहेर येतात, म्हणजे सरळ चालायला अडीच फूट जागा लागते आणि मागे वळायचं तर जवळजवळ चार फूट. खुब्याच्या ऑपरेशननंतर ती घरात स्वतःची स्वतः फिरते, बसल्या बसल्या भाजी निवडते, संध्याकाळी देवापाशी दिवा लावते. पण पलंग आणि भिंतीमधल्या दीड फुटाच्या फटीतून अंग चोरून सरकणं तिला आता जमत नाही. तिथं एकदा पाय अडखळला की पुन्हा सगळं पहिल्यापासून.

तिला सोलापूरला यायचं होतं. माहेर बाळीवेस भागातलं, धाकटी बहीण अजून तिथंच राहते. कुलस्वामिनी तुळजाभवानी. आणि अक्कलकोटला स्वामींचं दर्शन घ्यायचं, हे ऑपरेशनच्या आधीच बोलून ठेवलेलं. ती असते कल्याणला, दादाकडे. माझं घर जुळे सोलापुरात, पण तिसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. मावशीच्या वाड्यात तर दगडी पायऱ्या चढल्याशिवाय आतच जाता येत नाही. दादा फोनवर म्हणाला, "तू तिथली आहेस, हॉटेल तूच बघ. फक्त खोली मोठी बघ, बाकीचं नंतर बघू." मागून आईचा आवाज येत होता, "मला कशाला हॉटेल? हिच्याकडे एक खुर्ची टाका, मी बसल्या बसल्या झोपेन."

मोठी म्हणजे किती मोठी, हे आधी ठरवायला हवं होतं. वहिनींनी कल्याणला दोन खुर्च्या समोरासमोर मांडून आईला त्यांच्यामधून चालवलं, खुर्च्या हळूहळू जवळ आणल्या आणि ती कुठं अवघडते ते टेपनं मोजून मला कळवलं. वर दिलेली मापं त्यांचीच. त्या मापांवरून मी माझ्या हॉलमधल्या फरशीवर खडूनं पलंग काढला, त्याच्या भोवती चालून पाहिलं. मग गरजा स्पष्ट झाल्या. पलंगाच्या निदान एका बाजूला चार फूट मोकळे. तिथून बाथरूमच्या दारापर्यंत सलग वाट, मध्ये टेबल, बॅग, फ्रीज काही नको. बाथरूमचं दार वॉकर आत जाईल एवढं. रात्री तिच्या खोलीत मी आणि माझी भाची झोपणार, म्हणजे तिघींची अंथरुणं. आणि दिवसा भेटायला येणारी माणसं. आई इतक्या काळानं माहेरी येतेय म्हटल्यावर मावशीचा सगळा गोतावळा येणार, त्यांना बसायला जागा हवी. दादा-वहिनींना शेजारची साधी खोली चालणार होती.

एवढं हातात घेऊन मी बुकिंगच्या साईट उघडल्या.

पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की खोलीच्या नावावरून आकाराचा काहीच अंदाज येत नाही. डिलक्स, सुपर डिलक्स, एक्झिक्युटिव्ह, प्रीमियम, क्लब ही नावं प्रत्येक हॉटेल आपापल्या मनानं ठेवतं. एका ठिकाणची डिलक्स दुसऱ्या ठिकाणच्या एक्झिक्युटिव्हपेक्षा मोठी असते. एकाच हॉटेलात दोन प्रकारांमधला फरक कधी फक्त मजल्याचा असतो, कधी खिडकीचा, कधी सकाळच्या नाश्त्याचा. पैसे जास्त म्हणजे जागा जास्त असंही नाही. 'फॅमिली रूम' या नावावर तर माझा मुळीच भरवसा नाही. मागे चुलत बहिणीला एका गावी अशी फॅमिली रूम मिळाली होती, तिच्यात दोन डबल बेड एकमेकांना चिकटवून भिंतीपासून भिंतीपर्यंत लावले होते आणि मधल्या माणसाला उठायचं तर पायथ्याकडून उतरावं लागायचं. झोपायला चौघांची सोय होती हे खरं, पण उभं राहायला जागा नव्हती.

ताऱ्यांचंही तसंच. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या वर्गीकरणात खोलीचं किमान क्षेत्रफळ ठरलेलं आहे: पाच ताऱ्यांना बाथरूम सोडून २०० चौरस फूट, खालच्या वर्गांना त्याहून कमी. पण हे वर्गीकरण ऐच्छिक आहे. साईटवर हॉटेलच्या नावापुढे दिसणारे तारे त्या वर्गीकरणातलेच असतील असं नाही.

मग राहतो तो क्षेत्रफळाचा आकडा. बहुतेक साईटवर तो असतो, पण यादीत नाही; हॉटेल उघडायचं, खोलीच्या नावावर टिचकी मारायची, मग बारीक अक्षरात कुठंतरी सापडतो. कुठं चौरस फुटात, कुठं चौरस मीटरमध्ये. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट, त्यामुळे '२२' दिसलं की घाबरायचं नाही, ते २३७ चौरस फूट झाले. '१८०' दिसलं की ते फूट आहेत हे उघड आहे. काही हॉटेलं आकडाच देत नाहीत. मी त्यांना सुरुवातीलाच बाजूला ठेवलं नाही, कारण आपल्याकडे जुन्या, ऐसपैस खोल्यांची बरीच हॉटेलं अशी आहेत, ज्यांनी साईटवर मोजकीच माहिती भरलेली असते.

हा आकडा कसा वाचायचा ते मात्र शिकून घ्यावं लागतं. आपल्याकडचा किंग साईझ पलंग साधारण सहा फूट रुंद आणि साडेसहा फूट लांब. खोली दहा बाय बाराची, म्हणजे १२० चौरस फूट असेल आणि पलंग दहा फुटी भिंतीला मधोमध लावला, तर दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट उरतात. पायथ्याशी साडेपाच फूट, त्यातून टीव्हीखालचं टेबल दीड फूट खातं. धडधाकट दोन माणसांना ही खोली पुरते. आईला त्यात पलंगाच्या कडेला वॉकर आणता येणार नाही. तीच खोली बारा बाय चौदा झाली की बाजूंना मिळून सहा फूट मिळतात, आणि पलंग एका भिंतीकडे सरकवला तर एका बाजूला साडेचार-पाच फूट. फरक अठ्ठेचाळीस चौरस फुटांचा, पण तो सगळा चालण्याच्या वाटेत पडतो. म्हणून माझ्या मते क्षेत्रफळापेक्षा पलंगामागच्या भिंतीची लांबी महत्त्वाची. लांबुळकी अरुंद खोली आकड्यात मोठी दिसते आणि वापरात कोंदट वाटते.

ही भिंतीची लांबी साईटवर कोणीच देत नाही. ती फोटोतून काढावी लागते.

फोटो रुंद कोनाच्या लेन्सनं काढलेले असतात हे आता बहुतेकांना माहीत आहे. खोलीच्या कोपऱ्यात उभं राहून काढलेल्या अशा फोटोत जवळची जमीन ताणली जाते, लांबची भिंत आणखी लांब जाते. कडेला ठेवलेलं गोल स्टूल किंवा दिवा लंबगोल दिसला की समजायचं. पण फोटो कितीही ताणला तरी त्यातल्या फरशा कमी-जास्त होत नाहीत. मी फरशा मोजायला लागले. आपल्याकडच्या हॉटेलांत बहुतेक दोन बाय दोन फुटांच्या व्हिट्रिफाईड टाईल्स असतात. हल्ली चार बाय दोनच्याही बसवतात, म्हणून आधी पलंगाशी ताडून पाहायचं: किंग पलंगाच्या पायथ्याशी तीन फरशा बसल्या तर फरशी दोन फुटांची. मग पलंगापासून खिडकीपर्यंत किती, पायथ्यापासून समोरच्या भिंतीपर्यंत किती, हे फोटो मोठा करून सांध्यांवर बोट ठेवत मोजायचं. एका हॉटेलच्या फोटोत मला आडव्या सव्वासहा आणि उभ्या साडेआठ फरशा मिळाल्या. म्हणजे साडेबारा बाय सतरा, २१२ चौरस फूट. त्या हॉटेलनं साईटवर आकडा दिलेला नव्हता आणि खोलीचं नाव होतं साधं 'ट्रिपल'. माझ्या यादीत ती खोली तिथून वर गेली.

गालिचा किंवा लाकडी पट्ट्या असतील तर हे जमत नाही. तेव्हा दाराकडे पाहायचं, दार साधारण सात फूट उंच आणि तीन फूट रुंद धरून अंदाज बांधायचा. आणखी एक खूण आहे, ती माझ्या नवऱ्यानं दाखवली, तो एसीची कामं करतो. एका खोलीत दोन एसी दिसले, किंवा एकच पण दोन टनाचा, तर ती खोली लहान नसते. सोलापूरचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो, इथं कोणी हौसेनं दुसरा एसी लावत नाही.

हॉटेलच्या फोटोंपेक्षा राहून गेलेल्या लोकांचे फोटो जास्त कामाचे. ते खोली आवरून फोटो काढत नाहीत. जमिनीवर उघडी बॅग, खुर्चीवर टॉवेल, कोपऱ्यात चपला, आणि त्या सगळ्यातून उरलेली वाट दिसते. एका फोटोत उघड्या बॅगेमुळे बाथरूमचं दार अर्धंच उघडलेलं होतं. त्या हॉटेलचं गुणांकन चांगलं होतं, स्वच्छतेची स्तुती होती, आणि ती खरीच असणार, पण आमच्या उपयोगाचं ते नव्हतं. अभिप्रायांत मी 'लहान', 'छोटी', 'कंजस्टेड', 'स्पेशियस' असे शब्द शोधले. त्यातही कोण लिहितंय ते पाहिलं. एकट्यानं कामाला आलेला माणूस खोली मोठी आहे म्हणतो त्याला फारसा अर्थ नाही. 'आई-वडिलांना घेऊन आलो होतो', 'दोन मुलं बरोबर होती' असं लिहिणाऱ्याचं एक वाक्य मला बाकीच्या स्तुतीपेक्षा मोलाचं वाटलं.

शोधताना माणसांची संख्या भरायची असते, तिथंही वेगवेगळं करून पाहावं. तीन मोठी माणसं, एक खोली असं भरलं की बरीच हॉटेलं तीच नेहमीची दोघांची खोली 'एक्स्ट्रा बेड'सह दाखवतात. आणि हा बेड बहुतेक वेळा जमिनीवर टाकलेली तीन फुटी गादी असते, म्हणजे जी मोकळी जागा पाहून आपण खोली पसंत केली तीच ती खाते. दोघांसाठी म्हणून शोधलं की सूट, म्हणजे बैठकीसह मोठ्या खोल्या, दिसतात, ज्या तीन जणांच्या शोधात येतच नाहीत. चार माणसं, दोन खोल्या म्हटलं की मधल्या दारानं जोडलेल्या खोल्यांचा पर्याय कुठं कुठं समोर येतो. हा पर्याय मला फार आवडला होता, पण शेजारशेजारच्या खोल्या आणि मधून दार असलेल्या खोल्या यांत फरक असतो, आणि साईटवर दोन्हींसाठी सरसकट एकच शब्द वापरलेला आढळला. फोन करून 'मध्ये दार आहे का' असंच विचारावं.

भाग कोणता, याचा फार विचार करावा लागला नाही. दादा वंदे भारतनं येणार होता, ती सोलापूरला रात्री साडेदहानंतर पोचते. स्टेशनजवळ उतरायला सोपं, पण तिथं आणि एसटी स्टँडच्या बाजूला इमारती एकमेकींना खेटून आहेत, गाडी दारात थांबवायची पंचाईत. सात रस्ता, होटगी रोडकडे इमारती त्या मानानं नव्या आणि आवार मोठं, गाडी थेट पायरीला लागते. अक्कलकोट चाळीस किलोमीटर, तुळजापूर पंचेचाळीस, दोन्हीकडे तासाभराचा रस्ता, त्यामुळे शहरात कुठंही राहिलं तरी फार फरक पडत नाही. तारखा मात्र जपून घेतल्या. जानेवारीत संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा, गड्डा, म्हणजे यात्रेतली मोठी जत्रा, भरलेला असतो, नंदीध्वजांच्या मिरवणुकीला बाहेरगावी गेलेले सोलापूरकरही परत येतात. नवरात्र आणि कोजागरीला तुळजापूरची गर्दी, आषाढी-कार्तिकीला पंढरपूरची. अशा दिवसांत मोठी खोली आधी जाते, आणि उरलेलीत निवडायला काही राहत नाही. आम्ही थंडीच्या सुरुवातीचे आठवड्यातले मधले दिवस धरले, गुरुवार टाळून.

यादी तीन-चार हॉटेलांवर आली तेव्हा फोन लावले. आणि इथं एक अशी गोष्ट पुढे आली, जी माझ्यासारख्या गावातल्या माणसालाच अडवते. मी आईच्या खोलीत राहणार म्हटल्यावर एका हॉटेलनं विचारलं, "तुमचं आधार कुठलं?" सोलापूरचं म्हटल्यावर, "लोकल आयडी चालत नाही, मॅडम." बऱ्याच हॉटेलांनी हा नियम स्वतःसाठी करून ठेवलेला आहे आणि साईटवर नियमांच्या भागात तो लिहिलेलाही असतो. मला तो मुळीच पटत नाही. गावात घर असूनही हॉटेलची गरज पडते ती अशाच वेळी: घरी आजारी माणूस असतं, जिना चढवत नाही, लग्नघर भरलेलं असतं. चांगल्या हॉटेलांनी याचा फेरविचार करायला हवा. दुसरीकडे मॅनेजरनं शांतपणे ऐकून घेतलं. "आईबरोबर आहात ना? मग काय अडचण नाही. दोघींचं आधार द्या, बुकिंगमध्ये नाव टाका." मी ते नाव बुकिंगमध्ये पडेपर्यंत पाठपुरावा केला. रात्री अकरा वाजता रिसेप्शनवर वेगळा माणूस असतो, त्याला हे बोलणं माहीत नसतं.

मी गावातच असल्यामुळे एक सोय होती. ऑफिस सुटल्यावर स्कूटीवर जाऊन मी खोल्या प्रत्यक्ष पाहिल्या. बाहेरगावच्या माणसाला हे शक्य नाही, पण व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ मागता येतो. दारातून आत येत, पलंगाच्या दोन्ही बाजूंनी फिरून बाथरूमच्या आतपर्यंत, न थांबता काढलेला. मी विचारून पाहिलं, सगळ्यांनी पाठवतो म्हटलं, आणि पाठवलाही.

पहिल्या ठिकाणी साईटवर २४० चौरस फूट लिहिलं होतं. रिसेप्शनवरचा मुलगा हसून म्हणाला, "टेप घेऊन आलाव की! मोजा मोजा." मोजलं. झोपायची खोली साडेदहा बाय तेरा. बाकी बाथरूम, दारातला बोळ आणि पलीकडची चार फुटी बाल्कनी मिळून तो आकडा पुरा होत होता. खोटं काही नव्हतं, आकड्यात काय काय धरलंय ते सांगितलं नव्हतं एवढंच. म्हणून आता मी 'बाथरूम आणि बाल्कनी सोडून किती' असंच विचारते. दुसऱ्या ठिकाणी खोली खरंच प्रशस्त होती, जुनी इमारत, उंच छत, दोन मोठ्या खिडक्या, मन प्रसन्न झालं. पण बाथरूमला चार इंचांचा उंबरठा आणि आत उतरायला पायरी. जुन्या बांधकामांत हे फार आढळतं, पाणी बाहेर येऊ नये म्हणून केलेलं. आईसाठी ती पायरी धोक्याची होती. मला ती खोली सोडताना वाईट वाटलं, कारण बाकी सगळं हवं तसं होतं.

फरशा मोजलेली 'ट्रिपल' खोली होटगी रोडच्या बाजूला होती. टेप लावली, साडेबारा बाय सतरा, इंचभर इकडेतिकडे. एक डबल आणि एक सिंगल पलंग, दोन्ही सुटे, सरकवता येणारे. सिंगल पलंग बाथरूमच्या बाजूला आणला तर आईला उठल्यावर सात-आठ पावलांत दार. बाथरूमच्या दाराची मोकळी रुंदी अठ्ठावीस इंच. सरकारी मार्गदर्शक सूचनांत व्हीलचेअरसाठी ९०० मिलिमीटर, म्हणजे साधारण पस्तीस इंचांचं दार सांगितलंय, त्या मानानं कमीच, पण वॉकर सरळ आत जात होता. उंबरठा नावाला, इंचभर. कमोडशेजारी धरायला दांडी नव्हती. मॅनेजर म्हणाले, "दांडी बसवायला वेळ लागेल, पण कमोडजवळ आमची प्लास्टिकची जड खुर्ची ठेवतो, आणि फरशीवर रबरी मॅट टाकतो. आणखी काय लागेल ते सांगा की." लिफ्टपासून खोली दोन दारं सोडून. मी खोलीचा नंबर लिहून घेतला.

बुकिंग केलं ते साईटवरूनच, कारण तिथं आदल्या दिवसापर्यंत मोफत रद्द करता येत होतं आणि आईच्या तब्येतीचं आधी सांगता येत नाही. दर पाहताना एक ध्यानात ठेवावं, यादीतला आकडा बहुतेक वेळा कराशिवायचा असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आलाय, त्यावरच्या खोलीला अठरा टक्के. मोठा सूट आणि दोन खोल्या यांत तुलना करताना हा फरक जाणवतो. आम्ही साडेसात हजारांच्या खूपच खाली होतो.

बुकिंगच्या शेवटी 'विशेष विनंती'चा चौकोन असतो. तिथं मी सगळं लिहिलं: खोलीचा नंबर, सिंगल पलंग कुठं हवा, खुर्ची, मॅट, रात्री अकराला पोहोचणार. पण तिथं लिहिलेलं पाळलं जाईलच असं नसतं, ते तिथंच लिहिलेलं असतं, 'उपलब्धतेनुसार'. आणि उशिरा येणाऱ्याच्या वाट्याला त्या प्रकारातली शेवटची खोली येते, ती बहुतेक कोपऱ्यातली, खांब मध्ये आलेली. म्हणून तोच मजकूर मी मॅनेजरांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि 'ही खोली त्या तारखांना आपल्यासाठी ठेवली आहे' असं उत्तर लेखी घेतलं. निघण्याच्या दिवशी दुपारी पुन्हा फोन केला.

गाडी वेळेवर आली. आई प्लॅटफॉर्मवर व्हीलचेअरवरून, पुढे गाडीनं, हॉटेलच्या पायरीला उताराची फळी लावलेली. खोलीत शिरल्यावर तिनं वॉकर घेतला, पलंगापाशी गेली, वळली, बाथरूमच्या दारापर्यंत जाऊन पाहिलं, परत आली. कोणाचा हात धरला नाही. "चांगली मोकळीढाकळी आहे गं," म्हणाली आणि बसून केस सोडायला लागली. दादानं बॅगा कपाटाकडे नेल्या, मी त्या उघडल्यावरही वाटेत येणार नाहीत अशा भिंतीला लावल्या. रात्री ती दोनदा उठली, मला जाग आली पण हाक मारावी लागली नाही.

दुसऱ्या दिवशी माणसं आली. मावशी, तिच्या सुना, आईच्या शाळेतल्या दोघी, एकीचा नातू. मॅनेजरांनी खालून खुर्च्या पाठवल्या, मावशीनं घरून सतरंजी आणली होती ती डबल बेडच्या पायथ्याशी अंथरली. कडक भाकरी, शेंगा चटणी, दही, बरोबर कांदा. आई खिडकीजवळ खुर्चीत, बाकीच्या खाली. मावशीची थोरली सून ताटं वाढत आईच्या मागून पुढून फिरत होती आणि कोणाला पाय आवरून घ्यावे लागत नव्हते. "ताई, वाड्यात सुद्धा आता एवढ्या जणी एका खोलीत बसत नाही आम्ही," मावशी म्हणाली. माहेरच्या माणसांत आई दुपारभर बोलत बसली. पलंगावर आडवं पडून पाहुण्यांशी बोलावं लागलं असतं तर ती तासाभरात थकली असती, आणि मुख्य म्हणजे तिला ते आवडलं नसतं. पाहुण्यांसमोर पडून राहायचं नाही, ही तिची जुनी सवय आहे.

तुळजापूर, अक्कलकोट दोन्ही झालं. तुळजापूरला पायऱ्या उतरायच्या असतात, तिथं दादानं आणि भाचीनं तिला खुर्चीतून नेलं. ते सगळं वेगळं सांगण्यासारखं आहे, इथं नको.

परत गेल्यावर साईटवरून अभिप्राय द्या असा मेसेज आला. सेवा चांगली होती, माणसं चांगली होती हे लिहिलंच, पण सगळ्यात आधी मापं लिहिली. खोली साडेबारा बाय सतरा, बाथरूम सोडून. पलंग सरकवल्यावर एका बाजूला साडेचार फूट. बाथरूमचं दार अठ्ठावीस इंच, उंबरठा एक इंच, आत धरायला दांडी नाही. खोल्या लिफ्टजवळच्या मागून घ्याव्यात. रात्री उशिरा येणार असाल तर खोलीचा नंबर आधी पक्का करावा. लोकल आयडी असेल तर आधी बोलून घ्यावं. फोटो घातले ते उघड्या बॅगेसकट, आणि एक बाथरूमच्या दारात उभं राहून आतल्या फरशीचा, कारण तो फोटो मला शोधताना एकाही हॉटेलच्या पानावर मिळाला नव्हता. मॅनेजरांचा फोन आला, आभार मानायला. मी त्यांना म्हटलं, साईटवर तुमच्या खोलीचं माप भरा, तुमची खोली शेजारच्यांपेक्षा मोठी आहे आणि ते कोणाला कळतच नाही. त्यांनी ट्रिपल खोलीसमोर २१२ चौरस फूट भरलंय, मी पाहिलं. कमोडशेजारची दांडी पुढच्या दुरुस्तीत बसवतो म्हणालेत. बाथरूमचा फोटो अजून त्यांनी घातलेला नाही, तो मी पुन्हा मागितला आहे.